मायना सोडून वाचू नका

जुनं पत्र किंवा जुना अर्ज हातात आला की बहुतेक जण वरच्या दोन-तीन ओळींवरून नुसती नजर फिरवतात आणि 'विशेष' किंवा 'कारण की' जिथे येतं तिथून वाचायला लागतात. राजमान्य राजश्री, साष्टांग नमस्कार, मेहेरबान खाविंद वगैरे सगळं शोभेचं, खरं काम खाली, असा एक समज आहे. छापील साधनसंग्रहांनी तो आणखी पक्का केला. जागा वाचवायला संपादकांनी पुष्कळदा मायना गाळलेला असतो आणि तिथे नुसती टिंबं दिलेली असतात.

मायना म्हणजे कोणाला काय म्हणायचं, स्वतःला काय म्हणवून घ्यायचं, नमस्कार लिहायचा की आशीर्वाद. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की ती टिंबं दिसली की जरा थांबा. सार्वजनिक जीवनात कोण कोणाला किती मान देतो, कोणत्या शब्दात देतो, आणि तो मान देताना दुसरं काय द्यायचं टाळतो, हे बऱ्याचदा मजकुरापेक्षा मायन्यात आधी सापडतं.

मुंबईचं एक पत्र याबाबतीत फार बोलकं आहे. तारीख 9 ऑगस्ट 1779. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने सोनार जातीच्या प्रमुखाला ते लिहिलं. आशय असा: तुम्ही लोक 'नमस्कार' हे अभिवादन वापरता, ब्राह्मणांचं म्हणणं की तुम्हाला तो अधिकार नाही, यावरून वारंवार तंटे होतात, पेशव्यांकडूनही मागणी आली आहे, तरी यापुढे तुमच्या जातीने नमस्कार करू नये. आता विचार करा. नमस्कार हा नुसता उपचार असता तर दोन-दोन सरकारांना त्यात पडायचं कारण काय होतं? सोनारांनी जमीन मागितली नव्हती, वतन मागितलं नव्हतं. त्यांनी एक शब्द वापरला होता, आणि त्या शब्दाने ते बरोबरीला येऊन बसत होते. आणखी एक बघा. तंटा झाला म्हणून ही गोष्ट कागदावर आली. शिष्टाचार सुरळीत चालू असतो तोवर दप्तरात दिसत नाही, मोडला की दिसतो. त्यामुळे सौजन्याचा इतिहास शोधायचा असेल तर तो शिष्टाचाराच्या पुस्तकांत कमी आणि तक्रारींच्या फायलींत जास्त मिळतो.

आता वऱ्हाडात येऊ. इथलं सगळ्यात मोठं मानपानाचं प्रकरण कोणत्याही गावातलं नाही. ते थेट निजाम आणि इंग्रज सरकार यांच्यातलं आहे आणि 1853 ते 1947 असं चौऱ्याण्णव वर्षं चाललं.

1853 च्या तहात हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिलं. 'ताब्यात दिलं' हे आपण म्हणतो. कागद म्हणतो 'असाइन' केलं, म्हणजे नेमून दिलं. 1860 मध्ये रायचूर दुआब आणि धाराशिवकडचा भाग निजामाला परत मिळाला. वऱ्हाड तेवढं राहिलं. काळी जमीन, कापूस, 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण उगाच पडलेली नाही. अमरावतीत, अकोल्यात इंग्रजांची कोर्टं, इंग्रजांचा महसूल, इंग्रजांचे पोलीस. पण सरकारी कागदात या मुलखाचं नाव 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स'. म्हणजे मालक तुम्हीच, आम्ही आपले कारभार पाहतो. एखाद्याच्या घरात राहायला यावं, घर सोडू नये, आणि पत्त्यात मात्र दर वेळी मूळ मालकाचं नाव आदराने लिहावं, तसं.

निजामाचे दिवाण सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळावं म्हणून पुष्कळ खटपट केली. 1876 मध्ये ते इंग्लंडला गेले. ऑक्सफर्डने सन्माननीय पदवी दिली, लंडन शहराने मानाचं नागरिकत्व दिलं, राणीची भेट झाली. वऱ्हाड मिळालं नाही. या प्रवासाची वर्णनं वाचताना सत्काराचे तपशील ओळीने मांडा आणि त्यांच्याशेजारी मागणीचं काय झालं ते लिहा. एका बाजूला भरगच्च यादी, दुसऱ्या बाजूला रिकामी जागा. अशी जोडयादी करणं ही संशोधनातली अगदी साधी युक्ती आहे, पण सत्कारांच्या वर्णनांत आपण इतके रमतो की ती करायची राहून जाते.

मग आला कर्झन. 30 मार्च 1902 रोजी हैदराबादेत व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन आणि सहावे निजाम महबूब अली खान यांची खासगी भेट झाली. कर्झन पाहुणा, निजाम यजमान. त्या भेटीतून जे ठरलं त्याचा करार 5 नोव्हेंबर 1902 रोजी झाला: वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रज सरकारकडे, बदल्यात निजामाला वर्षाला 25 लाख रुपये, आणि वऱ्हाडवरचं निजामाचं सार्वभौमत्व मान्य. हे शेवटचं कलम नीट बघा. कायमचा पट्टा म्हणजे जमीन कधीच परत यायची नाही. आणि सार्वभौमत्व मान्य म्हणजे ती कोणाची हे आम्ही विसरणार नाही. पुढे निजामाला जी.सी.बी. हा किताब मिळाला, तेव्हा त्या तीन अक्षरांचा अर्थ 'गेव्ह कर्झन बेरार' असा विनोदही चालला. त्या एका कोटीत करार, किताब आणि त्यांचा संबंध तिन्ही येतात. साधन म्हणून विनोदाला कमी लेखू नका.

1 ऑक्टोबर 1903 पासून वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभाराला जोडलं गेलं. सातवे निजाम उस्मान अली खान यांनी 1923 मध्ये वऱ्हाड परत मागितलं, तेव्हा वाद त्या 1902 च्या भेटीवरच आला: वडिलांनी दिलेली संमती मोकळ्या मनाची होती की दडपणाखालची? घरी आलेल्या पाहुण्याला तोंडावर नाही म्हणू नये हा रिवाज कर्झनच्या कामी आला असावा, असं मला वाटतं. सिद्ध करता येण्यासारखी ही गोष्ट नाही. बंद खोलीतलं सौजन्य आणि बंद खोलीतली जबरदस्ती कागदावर एकसारखीच दिसतात. दोन्हींचा शेवट 'संमती दिली' असाच होतो.

उस्मान अली खान यांना 1918 मध्ये, महायुद्धातल्या मदतीबद्दल, 'हिज एक्झाल्टेड हायनेस' ही पदवी मिळाली होती. दुसऱ्या कोणत्याही संस्थानिकाला ती नव्हती. बाकीचे 'हायनेस', हे 'एक्झाल्टेड'. 27 मार्च 1926 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने त्यांना जे उत्तर पाठवलं त्यातही संबोधन तेच, पूर्ण अदबीचं. आणि खाली मजकूर काय? ब्रिटिश सत्ता हिंदुस्थानात सर्वोच्च आहे, कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करू शकत नाही. संस्थानांच्या इतिहासात हे पत्र प्रसिद्धच आहे, पण सहसा उद्धृत होतो तो मजकूर. मायना आणि मजकूर एकत्र वाचले तर कळतं की 'एक्झाल्टेड' या शब्दाने निजाम इतर संस्थानिकांपेक्षा उंच झाला होता, इंग्रजांच्या जवळ एक बोटभरही सरकला नव्हता. हा मान एकाच दिशेने जाणारा होता: रीडिंगने द्यायचा आणि निजामाने घ्यायचा.

ऑक्टोबर 1936 च्या करारात तर कळसच झाला. निजामाची पदवी 'हैदराबाद आणि बेरारचे निजाम' अशी झाली, युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणायचं ठरलं, वऱ्हाडात ब्रिटिश झेंड्याबरोबर निजामाचाही झेंडा लावायचा. वर्षाचे 25 लाख चालूच. कारभारात मात्र काही फरक नाही, तो मध्यप्रांत आणि वऱ्हाड सरकारचाच. युवराज आझम जाह यांच्या पत्नी दुर्रुशेहवार या शेवटचा उस्मानी खलिफा दुसरा अब्दुलमजीद याची मुलगी, जन्म तुर्कस्तानातला, लग्न फ्रान्समधल्या नीस शहरात. आयुष्यभर जगाने त्यांना 'प्रिन्सेस ऑफ बेरार' म्हणून ओळखलं. अमरावतीच्या कापूस बाजारातल्या माणसाला आपली एक राजकन्या आहे आणि ती इस्तंबूलकडची आहे हे कितपत माहीत असेल, राजेहो, देव जाणे.

या सगळ्या कागदांत वऱ्हाडातली माणसं कुठे आहेत? कुठेच नाहीत. 1853 च्या आणि 1902 च्या करारांवर दोनच पक्ष आहेत आणि दोघेही एकमेकांशी अत्यंत सभ्यपणे बोलताहेत. लग्न दोघांचं, मानपान दोघांचे, आणि वऱ्हाडाला विचारतो कोण! दोन बलवान माणसांमधलं सौजन्य तिसऱ्याची गैरहजेरी फार सफाईने झाकतं. म्हणून कागदावर फार सभ्यता दिसली की सह्या मोजायच्या.

पण हा सगळा मान पोकळ होता असं म्हणून मोकळं होता येत नाही, आणि मला यातला सगळ्यात रंजक भाग इथेच वाटतो. मान म्हणून दिलेला शब्द दप्तरात राहतो, जुन्या हुंडीसारखा. 1947 मध्ये इंग्रज निघाले, त्यांची सर्वोच्च सत्ता संपणार हे ठरलं, आणि निजामाच्या बाजूने वऱ्हाडचा प्रश्न पुन्हा वर काढला गेला. 'सार्वभौमत्व तुमचंच' असं पंचेचाळीस वर्षं आदराने लिहून ठेवलं होतं, आता लिहिणाराच चालला होता. हुंडी वटली नाही, वऱ्हाड भारतात मध्यप्रांताबरोबरच राहिलं. पण तेव्हा ही काळजी खरी होती. त्याच सुमारास, 8 ऑगस्ट 1947 रोजी, अकोल्यात पश्चिम महाराष्ट्र आणि विदर्भातले पुढारी बसले आणि अकोला करार झाला: संयुक्त महाराष्ट्रात दोन उपप्रांत. शंकरराव देव, धनंजयराव गाडगीळ तिकडचे. ब्रिजलाल बियाणी, पंजाबराव देशमुख इकडचे. हा करार पुढे तसाच्या तसा अमलात आला नाही आणि त्याच्यावर वेगळं लिहायला पाहिजे. इथे नोंदवायचं ते एवढंच की वऱ्हाडच्या भवितव्याच्या या कागदावर वऱ्हाडच्या माणसांच्या सह्या आहेत.

इथे साधनांची एक अडचण सांगतो. निजाम-इंग्रजांचे हे कागद इंग्रजीत, आणि वऱ्हाडातल्या पुढाऱ्यांचे खासगी कागदही बरेचसे इंग्रजीतच. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, टिळकांचे सहकारी, नामांकित वकील, 1897 च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्ष. त्यांनी वर्षानुवर्षं रोजनिशी लिहिली ती इंग्रजीत. कोण भेटायला आलं, काय बोलणं झालं, कोणाकडे जेवण झालं, सगळं आहे. पण इंग्रजीत 'यू' एकच. मराठीत आपण तोंड उघडलं की दुसऱ्या वाक्याच्या आत जात, वय, नातं, हुद्दा सगळं सांगून टाकतो: अरे, अहो, आपण. ते इंग्रजी रोजनिशीत उतरत नाही. खापर्डे कोणाला अहो म्हणत आणि कोणाला अरे, हे त्यांच्या रोजनिशीतून कळणं कठीण. तीच गत सरकारी दप्तराची. मराठीत दिलेला अर्ज इंग्रजीत भाषांतर होऊन फाइलला लागतो तेव्हा 'हुजूर मायबाप' आणि 'साहेब' या दोन्हींचं 'सर' होऊन जातं. ज्याने पहिला शब्द लिहिला आणि ज्याने दुसरा, ते वेगळ्या मनाचे लोक होते. म्हणून शक्य असेल तिथे मराठी मूळ शोधा. गाईडला ते जास्तीचं काम वाटलं तरी शोधा.

आता जी गोष्ट सांगायची ती अमरावतीच्या अंबादेवीची. कृष्णाने रुक्मिणीचं हरण इथूनच केलं अशी श्रद्धा असलेलं हे देऊळ. 1927 साली अस्पृश्यांनी या देवळात प्रवेशाची मागणी लावून धरली आणि सत्याग्रहापर्यंत गोष्ट आली. 13 आणि 14 नोव्हेंबर 1927 रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली, अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचे थोरले बंधू बळराम यांचं मुंबईत 12 नोव्हेंबरला निधन झालं होतं आणि ती बातमी त्यांना इथे, परिषदेच्या धामधुमीत कळली. विलायतेहून नुकतेच शिकून आलेले पंजाबराव देशमुख या मागणीच्या बाजूने होते. देवस्थानाच्या बाजूने विनंती आली की थोडी मुदत द्या, लोकांचं मन वळवू, समेट करू. परिषदेने सत्याग्रह पुढे ढकलला.

त्या मुदतीत देऊळ उघडलं नाही.

ही विनंती कशी वाचायची? सोपा मार्ग म्हणजे तिला ढोंग म्हणणं. मला तो मार्ग पटत नाही, निदान पहिल्याच पायरीवर नाही. विनंती आली यातून आधी एक गोष्ट उघड होते. पूर्वी ज्यांना उंबरठ्यापासून हाकलता येत होतं त्यांच्याकडे आता मुदत मागावी लागत होती. शिवी देऊन भागत नव्हतं. इंद्रभुवनात बसलेल्या माणसांशी कोणीतरी 'कृपा करून थांबा' असं बोलत होतं, आणि हा बदल लहान नाही. पण याच विनंतीत दुसरी एक गोष्ट झाकली जाते: नकार. 'नाही' म्हटलं असतं तर ते वर्तमानपत्रात छापून आलं असतं, त्याला उत्तर देता आलं असतं, उंबरठ्यावर उभं राहता आलं असतं. 'सध्या नको' याला काय उत्तर द्यायचं? मुदत मागणारा सभ्य ठरतो, आणि ती न देणारा आडमुठा. म्हणजे या सौजन्याने सभ्यतेचा भार उचलून अस्पृश्यांच्या खांद्यावर ठेवला. शतकानुशतकं थांबलेल्यांनीच आणखी थांबून आपला चांगुलपणा सिद्ध करायचा.

हेतू ओळखणं आपल्या हातात नसतं. दिलेल्या मुदतीत मागणाऱ्याने काय केलं हे मात्र तपासता येतं. सभा घेतल्या का? लोकांशी बोलले का? पत्रकं काढली का? तारीख उलटल्यावर स्वतःहून निरोप पाठवला का? हे शोधण्याजोगं आहे आणि 'सौजन्य की ढोंग' या वादापेक्षा उपयोगाचं आहे.

दीडच महिन्यांनी, 1927 च्या डिसेंबर अखेरीस, महाडला तसाच प्रसंग आला. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाविरुद्ध विरोधकांनी कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम आणला, जिल्ह्याचे कलेक्टर परिषदेत येऊन बोलले, आणि सत्याग्रह तहकूब झाला. अमरावती आणि महाड शेजारी ठेवून वाचा. महाडच्या थांबण्याला कोर्टाचा कागद होता. त्यामुळे तो वाद पुढे सरकत राहिला आणि 1937 मध्ये मुंबई हायकोर्टाने तळ्याचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. दहा वर्षं लागली, पण अपील कुठे करायचं ते माहीत होतं. अमरावतीच्या विनंतीवर अपील कुठे करणार? सभ्यपणे मागितलेल्या मुदतीला वरचं कोर्ट नसतं. पर्वतीचा सत्याग्रह 1929 मध्ये आणि नाशिकच्या काळाराम मंदिराचा मार्च 1930 मध्ये झाला, तेव्हाची भाषा बरीच कडक आहे. अमरावतीच्या अनुभवाचा त्यात वाटा किती, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होईल.

पंजाबरावांनी पुढच्याच वर्षी वेगळी वाट धरली. 1928 मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि कौन्सिलच्या अखत्यारीतल्या सार्वजनिक विहिरी त्यांनी अस्पृश्यांना खुल्या केल्या. इथे विनंती नाही, मनधरणी नाही. विहीर कौन्सिलची, हुकूम कौन्सिलचा. सुधारकांच्या चरित्रांत या दोन गोष्टी, देऊळ आणि विहीर, एकाच परिच्छेदात 'अस्पृश्योद्धाराचं कार्य' म्हणून उरकलेल्या असतात. पण एकीत सौजन्यावर अवलंबून राहावं लागलं आणि दुसरीत लागलं नाही. परिणामातला फरक तिथून सुरू होतो.

खालच्या मानलेल्यांकडून वर जाणाऱ्या सौजन्याचं काय? ते तर सक्तीचं होतं. महाराने पाटलाला, ब्राह्मणाला वाकून 'जोहार' म्हणायचं. त्याला उत्तर 'जोहार' असं येत नसे. ही खूण लक्षात ठेवा, कारण मला तरी सार्वजनिक सौजन्य तपासायला यापेक्षा चांगली कसोटी सापडलेली नाही: गेलेला शब्द त्याच शब्दात परत येतो का? रामराम म्हटलं की रामराम येतं. जोहार गेला की परत आला तर हुंकार. सोनारांच्या नमस्काराचा तंटा याचसाठी होता, कारण नमस्काराला नमस्कार द्यावा लागला असता. आणि 'एक्झाल्टेड हायनेस' हा शब्द परत करता येत नव्हता म्हणूनच तो इतक्या सढळ हाताने देता आला.

पण सक्तीच्या सौजन्यातही माणसं आपली जागा काढतात. एकनाथांच्या रचनांत 'जोहार' नावाचा एक प्रकारच आहे. गावचा महार जोहार करत येतो, अगदी नम्र, आणि मग देह नावाच्या गावाचा हिशेब मांडायला लागतो: कोण माजलाय, कोणाची बाकी थकली, कोणाला वरून बोलावणं येणार. वाकलेल्या माणसाच्या तोंडून सगळ्या गावाची झडती. एकनाथ स्वतः ब्राह्मण, पण हा साचा त्यांनी हवेतून काढला नसणार. महाराकडे गावाची खरीखुरी माहिती असे, शिवा, सरकारी निरोप, पाहुण्याची ने-आण सगळं त्याच्याकडून जाई. जोहार म्हटल्यावर त्याला बोलता येत होतं, हे त्या रचनांतून दिसतं. परंपरेने चोखोबांचं जन्मगाव मानलं जाणारं मेहुणा राजा आपल्याच बुलडाणा जिल्ह्यात आहे. वऱ्हाडात काम करणाऱ्याने संतसाहित्य हे मराठीच्या विद्यार्थ्यांचं म्हणून सोडून देऊ नये.

विसाव्या शतकात हा जोहारच नको झाला. कामठीचे बाबू हरदास, 1937 च्या निवडणुकीत मध्यप्रांत आणि वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेलेले, जेमतेम पस्तिशीत 1939 मध्ये वारलेले. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. मुसलमानांच्या सलामाला जसं ठरलेलं उत्तर असतं तसं आपल्यातही असावं म्हणून सुरुवातीला 'जय भीम'ला 'बल भीम' असं उत्तर सुचवलं होतं, असं सांगतात. टिकला तो मात्र 'जय भीम'ला 'जय भीम'. म्हातारा नातवाला म्हणतो, नातू म्हाताऱ्याला म्हणतो, मास्तर पोराला आणि पोरगा मास्तरला. शब्द जसा जातो तसा परत येतो. नागपूर-कामठीकडून तो वऱ्हाडात पसरला आणि अकोल्या-अमरावतीच्या कोणत्याही वस्तीत आज तो कानावर पडतो. त्याला उत्तर म्हणून समोरचा काय म्हणतो, 'जय भीम' की 'नमस्कार' की नुसती मान हलवतो, यावरून आजही बरंच काही कळतं. फील्डवर्क करताना हे लिहून ठेवा. मुलाखतीच्या प्रतिलेखनात आपण पहिला प्रश्न नंबर एक धरतो. त्याच्या आधीचे दोन शब्द टेपवर असतात, वहीत नसतात.

सिनॉप्सिससाठी विषय शोधत असाल तर एक सुचवतो. कोर्टात अजूनही 'मे.' लागतं, मेहेरबानचं ते उरलेलं एक अक्षर. तहसीलच्या अर्जावर 'मा. तहसीलदार साहेब' आणि शेवटी 'आपला विश्वासू'. जुन्या अर्जांत त्याच जागी 'आज्ञाधारक', 'ताबेदार', 'नम्र सेवक' असे शब्द भेटतात. एखादा तालुका घ्या, अकोट घ्या नाहीतर दर्यापूर, आणि 1930 ते 1960 या तीस वर्षांतले मिळतील तेवढे मराठी अर्ज काढा. मजकूर नंतर वाचा. आधी फक्त पहिली ओळ आणि सहीच्या वरची ओळ उतरवा, शेजारी अर्जदाराची जात, गाव, वर्ष आणि अर्ज मंजूर की नामंजूर. 'ताबेदार' नेमका कोणाच्या अर्जातून आधी गेला आणि कोणाच्या अर्जात शेवटपर्यंत राहिला, हे त्या तक्त्यातून दिसेल.